मेंढी अडते तेव्हा

आमच्या घराच्या पुढच्या दाराला आतून खडूने तारखा लिहिलेल्या असतात. नवीन पाहुण्याला वाटतं, दूधवाल्याचा हिशेब असेल. त्या मेंढ्यांच्या तारखा आहेत. जूनचा पाऊस पडून गवत हिरवं झालं की मेंढ्या फळू लागतात. ज्या दिवशी मेंढी फळली तो दिवस लिहायचा आणि त्याच्यापुढे १४७ दिवसांनंतरची तारीख. पाच महिन्यांना थोडे कमी. दोन-पाच दिवस मागेपुढे होतात, पण फार नाही. जूनच्या अखेरीला फळलेली मेंढी नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विते. तिथून पुढे महिना-दीड महिना आमच्या घरात रात्री सगळे एकाच वेळी झोपलेले नसतात.

आम्ही माण तालुक्यातले. दोन एकर रान, एक विहीर, सतरा मेंढ्या. हा लेख आम्ही नवरा-बायकोने मिळून लिहिला आहे, म्हणून सगळीकडे 'आम्ही' म्हटलं आहे. वाचकांपैकी बऱ्याच घरांत दोन-चार शेळ्या असतात, ईदसाठी बोकड पाळलेला असतो, म्हणून धीर केला. मेंढीचं जे सांगतो आहोत, त्यातलं बहुतेक शेळीलाही लागू आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही मुलाणी. गावची जत्रा असो, नवस असो की लग्न, बकरं हलाल करायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. जनावराचा शेवट आमच्या हाताखालून गेलेला. कोणता सांधा कुठे सोडवायचा, हे आमच्या घरातल्या पोराला मिसरूड फुटायच्या आत कळतं. जनावराची सुरुवात मात्र आम्हाला ठाऊक नव्हती. मेंढ्या पाळायच्या ठरवल्या तेव्हा गावातले एक वडीलधारे हसून म्हणाले होते, "कापणाऱ्याच्या दावणीला जनावर थारत नाही." आम्ही मनावर घेतलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात ते वाक्य आठवायची वेळ आली.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. आमच्या शेजारच्या फलटण तालुक्यात निंबकर कृषी संशोधन संस्थेने एक वेगळं वाण तयार केलं आहे. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची लहानखुरी मेंढी असते, तिच्या रक्तात जुळी देणारा जनुक आहे. संस्थेने तो जनुक आपल्याकडच्या दख्खनी मेंढीत आणला आणि त्या वाणाला 'नारी सुवर्णा' असं नाव दिलं. अशा रक्ताच्या चार मेंढ्या आम्ही एका शेतकऱ्याकडून घेतल्या. घेताना आम्ही कोकरं दुप्पट मोजली. दोन डोकी आणि आठ पाय एकाच अरुंद वाटेने बाहेर यायचे असतात, हे मोजलं नाही.

त्या चारांतली एक पहिलारू होती. मध्यरात्रीनंतर तिला कळा लागल्या. दोन खूर बाहेर दिसले. आम्हाला वाटलं, झालं, पाय आले म्हणजे पाठोपाठ कोकरू येणार. घटकाभर वाट पाहिली, मग दोघांनी मिळून ते दोन पाय धरले आणि ओढले. ओढू तसतसं ते अडत गेलं. मेंढी ओरडायची थांबली, नुसती दात खाऊ लागली. उजाडायला आलं तेव्हा अब्बा (आमच्यातल्या पुरुषाचे वडील) दारात येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "सुरी आणू का?"

ज्यांच्या घरात हा व्यवसाय नाही त्यांना हा प्रश्न कठोर वाटेल. तो कठोर नव्हता. जनावरात जीव आहे तोवर अल्लाहचं नाव घेऊन सुरी फिरवली तर मटण होतं, चार घरं खातात. आपोआप गेलं तर मुरदार, खड्ड्यात पुरायचं. कळवळून मरण्यापेक्षा एका झटक्यात सुटका, हेही त्यात आहेच. पण तालुक्याहून डॉक्टर निघाले होते. आम्ही म्हणालो, थांबा. डॉक्टर आले. त्यांनी आत हात घालून पाहिलं आणि हात बाहेर काढून शांतपणे सांगितलं, की हे दोन पाय एका कोकराचे नाहीत. एक पाय एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. आम्ही दोन जीव एकदम एका दारातून ओढत होतो. दोन्ही कोकरं गेली होती. मेंढी असरच्या सुमारास गेली. खड्डा अब्बांनीच खणला. नंतर त्यांनी त्या प्रश्नाचा विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही.

आमच्या वस्तीजवळ एक धनगर आबा राहतात. त्यांची मुलं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. चालता चालता वाटेतच मेंढ्या वितात आणि कोवळी कोकरं घोड्याच्या पाठीवर लादून पुढचा मुक्काम गाठतात. आबांचे गुडघे आता चालत नाहीत, म्हणून ते घरी असतात. ती मेंढी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि आमच्यातल्या पुरुषाला म्हणाले, "मुलाणी, तू रोज सांधे सोडवतोस. पुढचा पाय कुठला, मागचा कुठला, हे डोळे झाकून सांगशील का नाही? मग आत हात घालून तेच ओळखायचं होतं. ओढायची घाई कशाला केलीस?"

आम्ही काय शिकलो, हे विचाराल तर बहुतेक सगळं या एका बोलण्यात आलं. बाकी आम्ही थोडं डॉक्टरांकडून, थोडं आबांकडून आणि बरंचसं वाड्यात रात्री बसून गोळा केलं.

पहिली गोष्ट म्हणजे, दहांतल्या आठ-नऊ मेंढ्यांना आपली गरज नसते. विण्याच्या आदल्या दिवशी कास भरून ताणते, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात. वेळ जवळ आली की मेंढी कळपातून बाजूला होते, कोपरा धरते, खुराने जमीन उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते, मागे वळून स्वतःच्या पोटाकडे बघते. काही मेंढ्या तर कोकरू व्हायच्या आधीच हलक्या आवाजात त्याला बोलवू लागतात. तो आवाज एरवी मेंढी काढत नाही. तो ऐकल्यावर आम्ही दिवा कमी करतो आणि लांब जाऊन बसतो. गर्दी, बॅटरीचा झोत, कुत्रं, मुलांचा गलका यांनी मेंढी बावरते, कळा थांबवून धरते.

मग पाणमोट दिसते, फुटते. तिथून घड्याळ लावायचं. सरळ असेल तर दोन पुढचे पाय येतात, खुरांचे तळ जमिनीकडे, आणि त्या दोन पायांवर हनुवटी टेकवल्यासारखं नाक. सुजूदमध्ये हात पुढे आणि डोकं त्यांच्यामध्ये, तसं म्हणा. नाक दिसलं की आम्ही सुटकेचा श्वास सोडतो. पाणमोट फुटल्यावर मेंढी जोर करते आहे आणि अर्धा तास झाला तरी काही पुढे सरकत नाही, किंवा पाय आले पण नाक नाही, किंवा नुसतं नाक आणि पाय नाहीत, किंवा शेपूट तेवढी हाताला लागते, तर मात्र बसून राहायचं नाही. त्या पहिल्या वर्षी आम्ही घाई केली हे खरं. पण नुसती वाट बघत बसलो असतो तरी ती गेलीच असती. हात घालून ओळखायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही.

हात घालायचा तर आमच्यातल्या बाईचा. लहान हात, अरुंद पंजा. पुरुषाचा हात आत गेला तर वळायला जागा राहत नाही. नखं काढलेली, अंगठी आणि बांगड्या उतरवलेल्या (हिवाळाभर काचेच्या बांगड्या घालत नाही म्हणून सासरची मंडळी पहिल्या वर्षी बोलली होती), कोपरापर्यंत साबणाने दोनदा धुतलेला हात, वर हातमोजा आणि भरपूर वंगण. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते आम्ही नोव्हेंबरच्या आधी आणून ठेवतो. कळ ओसरली की हात सरकवायचा, कळ आली की नुसता थांबवायचा. आत पाय लागला की त्याचे खालून वर दोन सांधे तपासायचे. दोन्ही सांधे एकाच दिशेला वळत असतील तर पुढचा पाय. एक इकडे आणि दुसरा त्याच्या उलट, तर मागचा. मग त्या पायावरून बोटं वर चालवत खांद्यापर्यंत जायचं, खांद्यावरून मानेवर, मानेवरून डोक्यावर, आणि तिथून पलीकडच्या खांद्याने दुसऱ्या पायावर. दोन्ही पाय एकाच छातीला जोडलेले आहेत, हे हाताला पटल्याशिवाय ओढायचं नाही.

हे वाचून कुणी लगेच हात घालू नये. पहिल्या दोन-तीन वेळा जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहावं. वाटच उघडलेली नसेल, आत उलगडा होत नसेल, दहा-पंधरा मिनिटांत काही साधलं नसेल, तर हात काढून डॉक्टरांना बोलवावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो आमच्या दारावर तारखांच्या वर लिहिलेला आहे.

आता गेल्या हिवाळ्याकडे येतो.

आमची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना. दारावरच्या खडूच्या तारखांखाली तिने स्वतःची तारीखही लिहून टाकली, हसत हसत. दहा वर्षांची असल्यापासून कोकरं पुसायचं, चीक पाजायचं काम तिचं. आल्या दिवशीच ती वाड्याकडे निघाली आणि आम्ही तिला अडवलं.

कारण तिला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, घरी शेळ्या-मेंढ्या आहेत का. आहेत म्हटल्यावर त्यांनी बजावलं, की विणाऱ्या मेंढीजवळ गरोदर बाईने जायचं नाही. मेंढीच्या वारेत, गर्भजलात, रक्तात असे जंतू असू शकतात की जे बाईच्या पोटातल्या बाळाला इजा करतात, कधी गर्भपातही होतो. गाभडलेल्या मेंढीच्या बाबतीत तर हा धोका फार मोठा. मेंढी वरून धडधाकट दिसते, म्हणून भरवसा ठेवायचा नाही. ओल्या कोकराला हात लावायचा नाही, वाड्यातले कपडे धुवायचे नाहीत, कच्चं दूध प्यायचं नाही. एवढी वर्षं मेंढ्या पाळून हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या ओळखीतल्या किती घरांत गरोदर सुना पहाटे उठून शेळीची वार उचलतात, ते आठवून अंगावर काटा आला. वाचकांनी या लेखातलं बाकी काही विसरलं तरी चालेल, एवढं मात्र घरात सांगावं.

मुलीला राग आला. "मी काय परकी झाले का, अब्बा?" असं म्हणून ती रडलीसुद्धा. तिची समजूत घालायला आमच्याकडे शब्द कमी पडले. शेवटी तिच्या आजीने म्हणजे अम्मांनी मार्ग काढला: तिने खिडकीत बसायचं आणि वही ठेवायची. किती वाजता पाणमोट फुटली, किती वाजता कोकरू झालं, चीक किती प्यायलं, वार कधी पडली. वाड्याचे कपडे आम्ही आधीपासून वेगळे ठेवत होतोच, नमाजसाठी. अंगावर रक्त घेऊन घरात यायचं नाही, बाहेरच्या मोरीत धुऊन, कपडे बदलून मग आत. पाकीसाठी लावून घेतलेली ती सवय या वर्षी मुलीच्या कामी आली.

डिसेंबरच्या मध्यावर, इशानंतर, तांबीला कळा लागल्या. तांबी म्हणजे त्या जुळ्यांच्या रक्ताची मेंढी. पोट असं होतं, की शेवटच्या महिन्यात आम्हाला तिची धास्तीच होती. पोटात दोन असली की शेवटचे सहा आठवडे मेंढीचे खरे जड. कोकराची बहुतेक वाढ याच दिवसांत होते, आणि वाढत्या पोटामुळे तिला चारा मात्र कमी मावतो. अशा वेळी नुसत्या कडब्यावर ठेवली तर ती स्वतःच्या अंगातली चरबी जाळू लागते, मलूल होते, खाणं टाकते, तोंडाला गोडसर वास येतो आणि कधी विण्याच्या आधीच आडवी होते. म्हणून तांबीला रोज मक्याचा भरडा, थोडी शेंगदाणा पेंड आणि मेथीघास वेगळा काढून देत होतो. विण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची लसही टोचून घेतली होती, म्हणजे चिकातून कोकरांना तिचं संरक्षण मिळतं.

साडेअकराला पाणमोट फुटली. खिडकीतून मुलगी म्हणाली, "लिहिलं." बारा वाजले. दोन खूर दिसत होते आणि नाक नव्हतं.

सात वर्षांपूर्वीचीच रात्र पुन्हा उभी राहिली. फरक एवढाच, की या वेळी आम्ही खूर नीट पाहिले. एकाचा तळ खाली होता, दुसऱ्याचा वर. अब्बा उठून दाराशी आले होते. काही बोलले नाहीत. आम्ही त्यांच्या हाताकडे पाहिलं, हातात काही नव्हतं.

बिस्मिल्लाह म्हणून हात घातला. आमच्यातली एक आत चाचपत होती, दुसरा मेंढीचं डोकं मांडीवर धरून विचारत होता: पहिला सांधा कुठे वळतो? दुसरा? एकाच बाजूला? मग तो पुढचा, तो सोडू नको. दुसऱ्या पायाचे सांधे उलट निघाले, म्हणजे मागचा पाय. एक कोकरू सरळ यायला निघालेलं, दुसरं उलटं, आणि दोघं दारातच एकमेकांत गुंतलेली. ज्या हातांनी जन्मभर सांधे तोडले, त्यांचं ज्ञान त्या रात्री तोंडाने सांगून दुसऱ्या हाताला दिलं.

उलट्या कोकराला कळ ओसरल्यावर हळूहळू आत सारलं. सरळ कोकराची मान एका बाजूला वळलेली होती, म्हणून नाक येत नव्हतं. कपाळामागून पंजा घालून डोकं वाटेवर आणलं. त्याचा दुसरा पाय खांद्यापासून शोधून काढला. मग कळ आली की ओढायचं, खाली, मेंढीच्या मागच्या गुडघ्यांच्या दिशेने. कळ गेली की थांबायचं. बारा वाजून वीस मिनिटांनी पहिलं कोकरू बाहेर आलं आणि शिंकलं. तिकडून खिडकीत "अल्हम्दुलिल्लाह" ऐकू आलं.

उलट्या कोकराला फिरवून सरळ करत बसायचं नसतं. दोन्ही मागचे पाय हातात आले की तसंच काढायचं. पण कंबर बाहेर आल्यावर रेंगाळायचं नाही, कारण नाळ दबते किंवा तुटते, आणि डोकं अजून आत असल्याने कोकरू पाणी ओढून घेतं. आम्ही जमेल तेवढं चपळाईने काढलं. तरी ते लोळागोळा निघालं. तोंडातली चिकटण बोटाने काढली, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, पोत्याने छाती खसखसून चोळली. किती वेळ, ते वहीत आहे: चार मिनिटं. आम्हाला ते घडीभरापेक्षा जास्त वाटलं. मग त्याची बरगडी हलली.

दोघांच्या नाळा आयोडीनमध्ये बुडवल्या. पहिलं लटपटत उभं राहून कासेकडे निघालं. सडाच्या टोकाला मेणासारखी गुठळी असते, ती दोन धारा काढून मोकळी करून दिली. दुसऱ्याच्या तोंडात बोट घातलं तर तोंड गार. गार कोकराला लगेच दूध पाजू नये. ते धड गिळत नाही आणि दूध फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग चीक. एरवी अशा वेळी कोकरू सरळ आमच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या टोपलीत जातं. या वर्षी ते शक्य नव्हतं.

मुलगी खिडकीतून म्हणाली, "त्याला आत घ्या, मी चाचींकडे जाते." मध्यरात्री, आठव्या महिन्यात, थंडीत. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. एवढ्यात अब्बा आत आले, आम्हाला वाटलं बॅटरी घ्यायला. त्यांनी पोत्यासकट कोकरू उचललं आणि विहिरीवरच्या मोटारखोलीकडे चालू लागले. तिथे खोक्यात कडबा घातला, गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. तासाभराने चीक घेऊन गेलो तेव्हा खोकं रिकामं होतं. कोकरू अब्बांच्या घोंगडीच्या आत, त्यांच्या पोटाशी होतं आणि त्यांचं बोट चोखत होतं. चोखतंय म्हणजे ऊब आली. दोन किलोच्या कोकराला एका वेळी साधारण १०० मिलिलिटर चीक लागतो. पहिल्या सहा तासांत तो जितका पोटात जाईल तितका चांगला, कारण त्यातली ताकद अंगात घेण्याची कोकराच्या आतड्याची क्षमता तासातासाला घटते आणि दिवसाभरात संपते. अब्बांनी दर दोन-तीन तासांनी पाजलं. फज्रची अजान झाली तेव्हा त्यांनी कोकरू खोक्यात ठेवलं, हातपाय धुऊन कपडे बदलले आणि मशिदीत गेले.

वार पहाटे पडली. ती कधी ओढून काढू नये, आपोआप पडू द्यावी. दिवस उलटूनही पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावं. पडल्यावर कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही अशी, चुना टाकून खोल पुरावी. तांबीला कोमट गूळपाणी दिलं.

सकाळी धाकटं कोकरू तिच्यापाशी सोडलं तर तिने ढुशी मारली. त्याला मेंढीचा वास येतच नव्हता. घोंगडीचा आणि अब्बांच्या तंबाखूचा येत होता. मेंढी पिल्लाला डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखते. आम्ही तांबीचाच चीक त्याच्या पाठीला आणि शेपटीखाली चोळला, तिला दोन दिवस अरुंद कोपऱ्यात बांधून ठेवलं आणि दर वेळी धरून पाजलं. तिसऱ्या दिवशी तिने त्याला चाटलं. अब्बांना मात्र वाड्यात येताना तंबाखू बाहेर ठेवायची ताकीद मिळाली, ती त्यांनी पाळली नाही.

सगळंच असं झालं नाही. त्याच हिवाळ्यात एका मेंढीला सातव्या दिवशी कास दगडासारखी झाली आणि तिची दोन्ही कोकरं बाटलीवर वाढवावी लागली. एक कोकरू सकाळी वाड्यात नुसतं मेलेलं सापडलं, कारण कळलं नाही.

मुलीला जानेवारीत मुलगा झाला. चाळीस दिवस झाल्यावर ती त्याला दुपट्यात गुंडाळून वाड्याच्या दारापर्यंत आली. कोकरं तोवर उड्या मारत होती. तिने विचारलं, मोटारखोलीतलं कोणतं? अब्बांनी बोट दाखवलं. तो नर आहे, आणि आता त्याच्या भावापेक्षा अंगाने मोठा.

मेंढ्या पावसाच्या हिशेबाने वितात आणि ईद चंद्राच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरचा नर बकरीदला आठ-नऊ महिन्यांचा व्हायचा. यंदा ईद मेच्या अखेरीला. मेंढ्याला किमान सहा महिने पुरे हवेत आणि तो अंगाने वर्षाच्यासारखा दिसायला हवा, असं आपण मानतो. डिसेंबरच्या मध्यावर जन्मलेला यात बसत नाही. परवा एक गिऱ्हाईक आलं, त्याला तोच नर आवडला. अब्बांनी बोटांवर महिने मोजून दाखवले, पाच आणि थोडे दिवस, आणि म्हणाले, "वयात बसत नाही." पुढच्या वर्षी तो नक्की बसेल, असं गिऱ्हाईक म्हणालं. अब्बांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि घोंगडी झटकून उन्हात टाकली.